तारेबाहेरची पायवाट

“माणसंस्ले प्यावाले पानी नही, आनि आठे किडामुंगीले माहेरले पोचाडी ऱ्हायनात,” घरची पाणी भरणारी झुंबरबाई पुटपुटली.

रिकामी कळशी तिच्या काखेत होती, तोंड समोर होतं आणि आवाज बेताचा होता. शेजारून चालणाऱ्या कुसुमलताला ऐकू तर जावा, पण उत्तर द्यावं लागू नये, असा. हा आवाज लावायला काही बायकांना सासरी वर्षं काढावी लागतात. झुंबरबाई तो माहेरूनच घेऊन आली असावी.

“मला ऐकू आलं,” कुसुमलता म्हणाली.

“तुमले नही म्हनत, भाबी. मी कळशीले सांगी ऱ्हायनू.”

कुसुमलताच्या हातात पितळेचा तांब्या होता आणि त्यावर झाकण. तिच्या जैन सासरी पिण्याचं पाणी जाड फडक्यातून गाळून घेत. फडक्यात जे काही राहील, डोळ्यांना दिसणारं आणि न दिसणारं, ते थोड्या पाण्यानं तांब्यात उतरवायचं, आणि ज्या पाण्यातून ते आलं त्याच पाण्यात नेऊन अलगद सोडायचं. याला जिवाणी म्हणतात. विहिरीचे जीव विहिरीत, नदीचे नदीत. दुसऱ्या पाण्यात टाकले तर ते जगत नाहीत, असं तिच्या सासूबाई सांगत. घरामागच्या विहिरीला पाणी होतं तोवर जिवाणी म्हणजे चार पावलांचं काम होतं. बहात्तरचा पाऊस दडला, विहिरीच्या तळाला दगड दिसू लागला, आणि आता साऱ्या कळमखेड्याचं पिण्याचं पाणी गावाबाहेरच्या नाल्यातल्या डोहातून येत होतं. तेव्हा जिवाणीसुद्धा डोहालाच न्यायची. चैत्रातल्या उन्हात, अनवाणी.

“घरच्याच हातानं जाऊ दे, बिनणी,” सूरजबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या होत्या. बिनणी म्हणजे सून. “माझ्या पायांत जोर असता तर मीच गेले असते.”

त्यांच्या पायांत जोर नव्हता, कारण सूरजबाईंचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, परत उपास, असं वर्षाहून अधिक काळ, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी उसाचा रस घेऊन पारणं. “एक दिवस उपास आणि एक दिवस उपासाची तयारी,” असं त्या स्वतःच हसून सांगत. गेल्या साली त्यांनी तप धरलं तेव्हा पाऊस पडणार नाही हे कुणाला माहीत होतं? पुढे साऱ्या जिल्ह्यानंच तप धरलं. फक्त त्याच्या पारण्याची तिथी पंचांगात नव्हती.

कुसुमलताचा नवरा गौतमचंद हा गावच्या जीवदया मंडळाचा कर्ताधर्ता. दुष्काळात लोक गुरं बाजाराला नेऊ लागले, आणि बाजारातून ती कुठे जातात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गौतमचंदानं ती वाटेत अडवून आणली. भुसावळहून वॅगनीनं कडबा मागवला. आटलेल्या नाल्यात माणसं लावून डोह खोल केला, आणि खालून पाणी लागलं. पाणी लागलं त्या दिवशी तो काठावर बसून लहान मुलासारखा रडला होता. हे कुसुमलतानं पाहिलं होतं, म्हणून पुढचं सगळं तिला जास्त जड गेलं. वाईट माणसाचं चुकलेलं सांगायला काय लागतं?

पाणी लागलं तशी पंचक्रोशीतली मोकाट गुरं डोहावर तुटून पडू लागली. काठ ढासळला, पाण्याचा चिखल झाला. मग मंडळानं डोहाभोवती आणि शेजारच्या आपल्या गुरांच्या कोंडवाड्याभोवती काटेरी तार ओढली, पाच पदरी, बाभळीच्या खांबांवर. फाटकाला कुलूप घातलं, गावाला पाणी मोजून मिळू लागलं. फाटकावर पत्र्याची पाटी लावली: ‘सौ. सूरजबाई यांच्या वर्षीतपानिमित्त, मुक्या जनावरांसाठी.’ सूरजबाईंच्या यजमानांना जाऊन किती वर्षं झाली होती, पण रंगाऱ्यानं सवयीनं ‘सौ.’ लिहिलं, आणि दुरुस्त करायला पुन्हा रंग आणावा लागेल म्हणून तसंच राहिलं.

मुक्या जनावरांसाठी म्हटलं, पण कोणत्या, ते पाटीवर नव्हतं.

पलीकडच्या माळावर हरणांचा कळप होता. काळवीट, त्याच्या माद्या, पाडसं. माणसं नाल्यावर आली नव्हती तेव्हापासून ती त्या डोहावर उतरत असतील. माळावरून खाली येणारी त्यांची पायवाट कुणालाही दाखवता आली असती, जुन्या भांगासारखी सरळ. ती वाट आता तारेपाशी येऊन थांबत होती. हरीण तारेवरून उडी मारील असं आपल्याला वाटतं. पण या माळावरच्या हरणाला आडवं काही ठाऊकच नाही. ते उडी मारत नाही, खाली वाकून शिरायला बघतं. नाही जमलं तर तारेच्या कडेनं चालत राहतं, कुठे तरी वाट असेलच म्हणून. टोकाला जातं, परत येतं. अशी चालून चालून तारेच्या बाहेरून एक नवी पायवाट पडली होती. डोहाला वेढा घालणारी, पाण्यापर्यंत कुठेच न जाणारी. मातीचं पीठ झालेलं, त्यात खुरांचे ठसे.

कुसुमलतानं ती होळीच्या सुमाराला पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी तारेवर केस दिसले. नंतर एकदा मगनला पाहिलं. मगन हा डोहावरचा राखणदार. तो पहाटेच काही तरी ओढत नाल्याच्या वळणाआड नेत होता. तिला बघून तो थांबला नाही, आणि तिनं विचारलं नाही. पुढे दर चार-दोन दिवसांनी असंच. कधी पाडस, कधी मोठं. गौतमचंद पूर्वी रोज डोहाला चक्कर मारायचा, तो माळाकडच्या बाजूला जाईनासा झाला. मंडळाचे वडीलधारे मदनलाल काकाजी गेलेच तर आभाळाकडे बघत जात. पावसाची वाट बघतोय असं दिसायचं, त्यामुळे कुणी काही म्हणतही नव्हतं.

त्या सकाळी मात्र झुंबरबाईची कुरकुर अर्ध्यावरच तुटली.

“भाबी, तठे दखा.”

मादी होती. मागचा एक पाय तारेच्या दोन पदरांत गेला होता, आणि सुटायला धडपडताना पदरांना पीळ बसला होता. जिवंत होती. पोटाचा भाता हलत होता. थोड्या अंतरावर एक पाडस उभं होतं, जवळ येत नव्हतं, लांब जात नव्हतं. कुसुमलता खाली बसली. तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं मादीचं तोंड पाहिलं, ओलं आहे की कोरडं. कोरडं होतं. म्हणजे जाताना नव्हे, येतानाच अडकली होती.

मगन धावत आला. त्यानं पाय सोडवून पाहिला. पीळ घट्ट होता, आणि हात लागला की मादी जास्तच उसळायची, काटा जास्तच रुतायचा.

“तार तोडनी पडी, भाबी. पक्कड शे मनापान. तोडू का?”

कुसुमलतानं तोंड उघडलं, आणि तोंडातून जे यायचं तेच आलं.

“थांब. विचारून येते.”

सासरी आल्यावर ती जे पहिलं वाक्य शिकली ते हे. बांगड्या भरायच्या, विचारून येते. माहेरचा निरोप आलाय, विचारून येते. डॉक्टरनं म्हटलं सुई टोचावी लागेल, विचारून येते. इतक्या वर्षांत या वाक्यानं कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. उलट चांगल्या घरची सून म्हणून नाव झालं होतं.

ती तांब्या झुंबरबाईच्या हाती देऊन घरी पळत आली. गौतमचंद नव्हता, स्टेशनवर कडबा उतरवायला गेला होता. ओट्यावर मदनलाल काकाजी बसले होते. ते चुलत सासरे. त्यांच्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही घराची रीत. काही सांगायचं असेल तर मध्ये कुणीतरी लागतं. ती झुंबरबाईला सांगायची, झुंबरबाई ओट्यावर जाऊन सांगायची, काकाजी झुंबरबाईला उत्तर द्यायचे, आणि दाराआडून ती ते ऐकायची. झुंबरबाई तर डोहावर होती. कुसुमलतानं पदर ओढून दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवल्या.

“काय पाहिजे बिनणीला?” काकाजींनी हवेला विचारलं.

हवा काही बोलली नाही. तिनं परत बांगड्या वाजवल्या, जोरात.

“अरे, कुणी आहे का घरात? बघा, बिनणी काय म्हणते,” काकाजी म्हणाले, आणि निरोप सांगायला कुणी येत नाही असं पाहून सुपारी कातरू लागले.

आत सूरजबाई पडल्या होत्या. त्यांना सांगणं शक्य नव्हतं. त्यांना सांगायचं नाही, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण जे ठरवावंही लागत नाही तेच घरात सगळ्यांत कडक पाळलं जातं.

ती परत धावत गेली. मगन पक्कड हातात घेऊन तसाच उभा होता, तिनं थांब म्हटलं होतं म्हणून.

“गई, भाबी,” तो म्हणाला.

पाडस दिसत नव्हतं. झुंबरबाईनं तांब्या पुढे केला. कुसुमलता फाटकातून आत गेली, काठावर बसली आणि तांब्या पाण्याला टेकवून हळूच कलता केला, जीवांना धक्का लागू नये म्हणून. हे आपण काय करतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तरी तिनं ते पूर्ण केलं. अर्धवट टाकणं तिला येत नव्हतं.

बाहेर येताना तिनं मगनला विचारलं, “तू पुरतोस ना यांना?”

मगन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. “गाडसू कसाले, भाबी? दुष्काळ शे.”

झुंबरबाई एकदम कळशी उचलून चालू लागली.

त्या संध्याकाळी गौतमचंद जेवायला बसला तेव्हा कुसुमलतानं सगळं सांगितलं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून तो भरभर जेवत होता. मग हळूहळू जेवू लागला. मग थांबला.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“रात्रीचं फाटक उघडं ठेवलं तर?”

“गुरं बाहेर पडतील. बाहेरची आत येतील. डोह आठवड्यात तळाला जाईल. मग ही शे-दीडशे तोंडं कुठे नेऊ?”

“तारेबाहेर एक हौद ठेवू. मी भरीन. झुंबरबाई आणि मी.”

“हौदावर आधी गुरं येतील, आणि गुरांच्या मागे माणसं. माणसांना मी नाही कसं म्हणू? आधीच तीन गावांना नाही म्हणून बसलोय.” त्यानं ताटातला उरलेला तुकडा इकडचा तिकडे केला. “आणि आता तारेला हात लावला की लोक विचारणार का. बाईच्या कानावर जाणार. उपासात वर्ष काढलंय तिनं. वजन बघतेस ना तिचं? आखाजी होऊ दे. आखाजी झाली की बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर मगन पहाटे लवकर उठेल,” तो म्हणाला. म्हणाला आणि त्याचं त्यालाच कानाला कसंसं झालं असावं, कारण तो तसाच उठला आणि हात धुताना पाण्याची धार किती तरी वेळ हातावर सोडून राहिला. त्या साली असं पाणी कुणी सोडत नसे.

काकाजींचंही तेच म्हणणं होतं, आखाजी होऊ दे. मगनचंही. खान्देशात आखाजीपर्यंत पुष्कळ गोष्टी थांबतात, माहेरी यायच्या मुली थांबतात, सालदाराचं नवं साल थांबतं. त्यात आणखी ही एक.

उपासाच्या दिवशी दुपारी सूरजबाई ओसरीवर बसत आणि शेजारपाजारच्या बायका त्यांच्याभोवती. त्यांना मोतीबिंदू झाला होता. माणसं त्यांना आकारानं कळत आणि मनं आवाजानं. त्या वर्षीतपाची गोष्ट सांगत. ऐकून ऐकून बायकांना पाठ झाली होती, तरी सांगत.

“आदिनाथ भगवान मागच्या जन्मी एका खळ्यावरून चालले होते. बैल मळणी करत होते आणि मधूनच धान्यात तोंड घालत होते. शेतकरी त्यांना मारत होता. भगवानांना दया आली. म्हणाले, मारू नको, मुसकी बांध. त्यानं मुसकी बांधली. मार थांबला. पण काम झाल्यावर मुसकी सोड, हे सांगायचं राहिलं. बैल उपाशी उभे राहिले. त्याचं फळ म्हणून या जन्मी भगवान वर्षभर दारोदार फिरले आणि कुणी त्यांना घास घातला नाही. लोक हत्ती देत, रत्नं देत. अन्न द्यावं हे कुणाला सुचेचना. याला अंतराय म्हणतात. दुसऱ्याच्या तोंडच्या घासाला आपण आडवं जाणं.” मग त्या सुनेकडे वळत. “आणि बघ बिनणी, त्यांनी तर दयेपोटीच सांगितलं होतं. तरी सुटलं नाही.”

कुसुमलता खाली मान घालून मिलोचे, म्हणजे परदेशी ज्वारीचे, लाल दाणे निवडत होती. सरकारी दुकानातला मिलो, त्यात निवडण्यासारखं खूप असे, हे त्या दिवसांत तिला बरंच वाटे.

“गप्प का झालीस?”

“खडे फार आहेत, बाईजी.”

“खडे आहेत खरे,” सूरजबाई म्हणाल्या, आणि थोडा वेळ तिच्या दिशेनं बघत राहिल्या. “माझं पारणं घरात नको. डोहावर करू. जनावरं पाणी पितील, मी आवाज ऐकेन, मग रस घेईन. माझ्या नावाचं पाणी मी अजून पाहिलं नाही. आता दिसणार नाही, पण ऐकू तर येईल.”

संध्याकाळी हे कळल्यावर घरातल्या पुरुषांचे चेहरे कसे झाले, ते त्यांना दिसलं नाही ते बरंच.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी झुंबरबाई नेहमीसारखी आली, पण हंड्यापाशी येऊन लांबच उभी राहिली.

“भाबी, आज मी गाळनाले हात लावाव नही.”

“का गं? शिवायचं नाही का?”

“तसं नही.”

“मग?”

झुंबरबाईनं पदर तोंडावर घेतला. “मगननी आनं. रातले. पोऱ्हेस्नी खादं... मी भी खादं, भाबी. भूक लागस. तुमना फडकाले आते कसा हात लावू?”

कुसुमलताला वाटलं होतं की हे कळल्यावर आपल्याला किळस येईल. तशी आली नाही. जी होती ती सगळी स्वतःचीच होती. हरणाचं मांस खाणारीला फडक्याला हात लावायची लाज वाटत होती, आणि मारणारे रोज त्याच फडक्यानं पाणी गाळत होते.

“लाव हात,” ती म्हणाली. झुंबरबाई जागची हलली नाही. शेवटी दोघींनी दोन टोकं धरली आणि पाणी गाळलं. त्या दिवशी वाटेनं कुणीच कुरकुरलं नाही.

आखाजी उजाडली. डोहाजवळ मांडव पडला. धुळ्याहून पाहुणे आले, धरणगावहून सूरजबाईंचे माहेरचे आले. आखाजीला घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात, म्हणून मंडळानं गावाला त्या दिवसापुरती घराप्रमाणे एकेक जादा घागर पाणी दिलं. बायका रांगेनं फाटकातून घागरी भरून नेत होत्या आणि गौतमचंदाला दुवा देत होत्या. तो हात जोडून उभा होता आणि कुणाच्याही डोळ्यांकडे बघत नव्हता. लोकांना ती नम्रता वाटली.

“बठ्ठास्ना पितर पानी पी गयात,” घागर उचलताना झुंबरबाई म्हणाली. ती माळाकडे बघत होती.

धुळ्याचे पाहुणे तारेच्या कडेकडेनं फिरून आले. “पायवाट छान पडलीय हो बाहेरून,” ते कौतुकानं म्हणाले. “लोक प्रदक्षिणा घालतात की काय डोहाला?”

काकाजींनी आभाळाकडे पाहिलं. “श्रद्धा आहे लोकांची,” ते म्हणाले.

हे कुसुमलतानं ऐकलं. रसाच्या घड्यांजवळ ती बसली होती, पदर हनुवटीपर्यंत.

सूरजबाईंना खुर्चीत बसवून आणलं. मांडवाची सावली कलली होती, म्हणून कडब्याच्या ढिगाजवळ खुर्ची ठेवली. ढिगाच्या कडेला मगन उन्हातच उभा होता. इतकं ऊन असताना तो सावलीला का येत नाही, हे कुणी विचारलं नाही. कुसुमलतानं मात्र त्याच्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं. कडबा नीट रचलेला नव्हता. कुणी तरी घाईनं वरून टाकल्यासारखा होता, आणि खालच्या बाजूला पेंढ्यांतून काळ्या पिळदार शिंगाचं टोक बाहेर आलं होतं. बोटभर. मगननं तिचे डोळे पाहिले आणि पायानं एक पेंढी पुढे सरकवली. पहाटे पाहुण्यांच्या गाड्या लवकर आल्या होत्या. त्याला नाल्यापर्यंत जायला वेळच मिळाला नसणार.

गुरं पाण्यावर सोडली. त्यांच्या पिण्याचा आवाज आला, शेकडो माणसांनी एकदम सुस्कारा टाकावा तसा. सूरजबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून गौतमचंद दुसरीकडे वळला.

“एक गाय इकडे आणा,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं तिला घास घालते. हा कडबा आहे ना इथे?” आणि त्यांनी ढिगाकडे हात पुढे केला.

“तो नको!” काकाजी ओरडले. “तो... तो ओला आहे.”

ओला कडबा! साऱ्या जिल्ह्यात थेंब पडला नव्हता. मागे बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मगननं दुसरीकडून धावत पेंढी आणून दिली. सूरजबाईंनी गायीला ती भरवली. पण त्यांचा चेहरा आता मघासारखा नव्हता. त्या कान देऊन बसल्या होत्या.

गौतमचंद कुसुमलताजवळ आला. “रस दे,” तो म्हणाला. मग खाली वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “एवढं होऊ दे. उद्याच तार काढतो. शप्पथ.” त्याचे डोळे भरले होते. तो खरं बोलत होता, हे तिला ठाऊक होतं.

ती घडा घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिली.

सूरजबाईंनी हात जोडले. पारण्याआधी हे विचारायचंच असतं. “वर्षभर माझं तप चाललं,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण दूरवर जात होता. “त्या पायी कुणाला दुखलं असेल, कुणाच्या वाट्याचं काही अडलं असेल, तर सांगा. मी सगळ्यांना खमावते, क्षमा मागते.”

आणि यावर नाही म्हणायचं असतं. असं कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकाला येतं.

“कुणाला काय दुखणार, बाई!” काकाजी म्हणाले. “तुमच्या नावानं मुकी जनावरं जगली.”

“काही नाही, बाई,” गौतमचंद म्हणाला. “घ्या आता.”

“नही वं, माय,” झुंबरबाई मागून म्हणाली, जमिनीकडे बघत.

मगननं फक्त मान हलवली, आणि सूरजबाईंना ती दिसली नाही.

“बिनणी?” सूरजबाईंनी विचारलं. “सगळ्यांचं ऐकलं. तू बोलली नाहीस.”

समोर काकाजी होते, पाहुणे होते, घरातले सगळे मोठे पुरुष होते. तिच्या आणि त्यांच्या मध्ये निरोप नेणारं कुणीच नव्हतं. तिनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, अगदी थोडी, नको नको म्हणत. तिच्या सासूबाईंच्या मनगटाची हाडं तिला पदरातून दिसत होती. तो रस आत्ता पोटात गेला नाही तर काय होईल याची तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. घडा थंड होता. बाहेरून त्याला पाझर सुटला होता आणि तिची बोटं घसरत होती.

तिनं घडा खाली ठेवला.

“दुखलं, बाईजी,” ती म्हणाली. इतक्या माणसांत तिनं स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो तिला वाटलं होतं त्यापेक्षा जाड निघाला. “तुमच्या नावाच्या तारेत हरणं मरतात. होळीपासून मरताहेत, आणि आम्ही सगळे ते बघतो आणि लपवतो. आज पहाटे मेलेलं एक तुमच्या खुर्चीजवळ कडब्याखाली आहे.”